मांजराचा एच-इंडेक्स आणि महाडचा विंचू

दर्यापुरात डॉक्टरची प्रत ठरवायची रीत जुनी आणि पक्की आहे. पेशंट अकोल्याला न्यायचा की अमरावतीला, यावर आधी घरात भांडण होतं. मग कोणाच्या तरी साळ्याला कोणाच्या हातचा गुण आला ते निघतं, आणि त्या साळ्याच्या शब्दावर गाडी सुटते. गाव खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं, किडनीचा विषय घराघरात, त्यामुळे या शास्त्रातल्या जाणकारांना तोटा नाही.

अशा गावात बनोसा भागातले एक निवृत्त प्राध्यापक चहाच्या टपरीवर एच-इंडेक्स समजावून सांगायला बसतात, हे धाडसच. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं हे माप. एखाद्या संशोधकाच्या दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहादा इतरांच्या लेखांत उल्लेख झाला, की त्याचा एच-इंडेक्स दहा. ऐकणाऱ्याने चहाचा घोट संपायच्या आत मर्म पकडलं.

"म्हंजे आहेराची वही! त्यायनं आपल्या पोरीले पाचशे लावले, आपन त्यायच्या पोराले पाचशे."

सरांना खोडून काढता येईना. एकमेकांचे उल्लेख करून वही फुगवणारी मंडळं जगभर आहेत. २०२४ साली रीस रिचर्डसन आणि निक वाइज या दोघांनी तर लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर बारा बनावट लेख चढवले, त्यांचा उल्लेख करणारे आणखी बारा रचले, आणि उल्लेख मोजणाऱ्या गूगल स्कॉलरने मांजराला १३२ उल्लेख व ११ चा एच-इंडेक्स बहाल केला. पुष्कळ हाडामांसाच्या प्राध्यापकांची निवृत्तीपर्यंत तिथवर मजल जात नाही.

"थे मांजर ओपीडीत कवा बसते?" टपरीवरून पृच्छा झाली.

सरांनी मग डॉ. हिंमतराव बावस्करांना पुढे केलं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा माणूस, नागपूरच्या मेडिकलचा विद्यार्थी, १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेला. कोकणात तेव्हा लाल विंचू चावला की पेशंट घामाने निथळायचा, हातपाय गार पडायचे, रक्तदाब चढायचा, शेवटी फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस. अशा गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीसेक दगावायचे. बावस्कर उशाशी बसून नाडी, दाब, घाम लिहून ठेवत राहिले. १९८२ मध्ये ती लक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. पुढे रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी त्यांनी या पेशंटांवर वापरली, १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं, आणि मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये पद्मश्री.

प्राझोसिनच्या लेखावर नावं दोन: बावस्कर आणि बावस्कर. दुसऱ्या म्हणजे पत्नी डॉ. प्रमोदिनी. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या लेखाला पाच हजारांवर लेखक होते. इथे सगळी संस्था एका घरात मावली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांचंही तेच. गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं जगवता येतात, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये सिद्ध करणाऱ्या लेखकांत नवरा-बायको दोघं. परीक्षकांनी वाचण्याआधी हस्तलिखित स्वयंपाकघरातून पास व्हावं लागत असेल, तर पुढची तपासणी म्हणजे औपचारिकताच.

पण सरांचा आवडता लेख २०११ चा, 'बीएमजे'मधला. विंचवाच्या विषावरची प्रतिलस तोवर मिळू लागली होती. बावस्कर दांपत्याने ७० पेशंट घेतले. ३५ जणांना नुसती प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांनी प्रतिलसवाल्यांतले ३२ बरे, नुसत्या गोळीवाल्यांतले ८. ज्या गोळीने जगभर नाव केलं, ती एकटी मागे पडते, हे त्यांनीच मोजलं आणि त्यांनीच छापलं.

टपरी चाट पडली. आपल्याच मालाचं असं कोणी बाजारात सांगतं?

"मंग मार्क कापले असतीन त्यायचे?"

"नाही," सर म्हणाले, "त्या लेखाचेही उल्लेख होतात. त्यांच्याच खात्यात जमा."