कशेळीचं सिंगापूर

सिंगापूरहून परतलेला माणूस ताटावर बसला की क्लार्क कीची गोष्ट काढतोच. नदीकाठची जुनी गोदामं, त्यांत आता हॉटेलं, रात्री दिव्यांचा लखलखाट. आमच्या दाजींनी ती इतक्यांदा ऐकवली, की शेवटी मी त्यांना ठाण्यातल्या बाळकुमचा पूल ओलांडून कशेळीला नेलं. म्हटलं, दाजी, आता एकेक गोष्ट ताडून पाहा.

नदी? पुलाखाली उल्हास आहे, खाडी झालेली. गोदामं? कशेळी-काल्हेरपासून आत जावं तितकी. मुंबईकराच्या दारात येणारा मिक्सर आधी याच पट्ट्यात मुक्काम करतो. हॉटेलं, बार, ढाबे? जुन्या आग्रा रोडला गिऱ्हाईक कधी उपाशी-तहानलेलं गेलेलं नाही. आणि इतिहास म्हणाल, तर इंग्रजांचे रॅफल्स साहेब सिंगापुरात उतरले 1819 मध्ये. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली 1657 मध्ये; स्वराज्याचं आरमार या खाडीच्या आधाराने उभं राहिलं. पोर्तुगीजांवरच्या साष्टी मोहिमेतले गंगाजी नाईक तर शेजारच्याच अंजूरचे. एवढ्या भांडवलावर सिंगापूरने दोन क्लार्क की काढले असते.

फरक क्रमाचा आहे. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी 1977 मध्ये फर्मावलं, दहा वर्षांत नदी स्वच्छ करा. मग डुकरा-बदकांची खुराडी हलली, फेरीवाले हलले, मालाचे पडाव हलले. 1987 पर्यंत नदी धुऊन झाली आणि 1993 मध्ये क्लार्क कीवर हॉटेलांचे दिवे लागले. आम्ही एवढी घाई करत नाही. आधी बार, मग गोदामं, मग फर्निचरची दुकानं, मग मेट्रोचे खांब. नदी कुठे पळून जातेय?

करमणुकीचंही तेच. सरकारने 2005 मध्ये डान्सबार बंद केले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली, 2016 मध्ये सरकारने नवा कायदा आणला, 2019 मध्ये न्यायालयाने त्यातल्या अटी छाटल्या. म्हणजे त्यांना नदी धुवायला दहा वर्षं लागली आणि आम्हाला नाच कुठवर चालेल हे ठरवायला चौदा. (तोवर आपण ऑर्केस्ट्रा ऐकत होतो. संगीतावर कुणाची बंदी नव्हती.)

अंतर मोजायच्या टेप मात्र आमच्याकडे दोन. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू नको, असं न्यायालयाने 2016 च्या डिसेंबरात सांगितलं, तेव्हा राज्यभरच्या बारमालकांनी रस्त्याकडून टेप धरली. खाडीकाठच्या बांधकामाची टेप भरतीच्या रेषेकडून धरायची असते. त्या दोन टेपांच्या मध्ये गिऱ्हाईक बसतं, चखण्याची बशी सांभाळत.

दाजी हे सगळं मुकाट्याने ऐकत होते. एका हॉटेलात शिरलो, चिंबोरी आणि तांदळाची भाकरी सांगितली. दाजींच्या अंगात अजून सिंगापूर होतं. त्यांनी वेटरला विचारलं, "खाडीकडच्या बाजूला टेबल मिळेल का?"

वेटरने आम्हा दोघांना नीट निरखून पाहिलं.

"काका, तिकडं भांडी घासायची मोरी हाय. तुम्हाला ट्रक दिसतील असं देऊ का?"

दिलं. नाशिककडच्या कंटेनरांची रांग अगदी झकास दिसत होती.