गहूभर पुढे, तांदूळभर मागे

करवीरनगरीत देहप्रकृतीविषयी चिंता उत्पन्न झालेल्या प्रत्येक सद्गृहस्थास वैद्यमंडळी आजवर एकच मात्रा देत आली आहेत, आणि ती म्हणजे रंकाळ्याची फेरी. आमच्याही नावे तसे फर्मान नुकतेच सुटले. मात्र फेरी पुरी झाल्यावर काय करावे, याविषयी ते सर्वस्वी मुग्ध राहिले, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ या त्रुटीत आहे.

तलावाचा घेर सुमारे अडीच मैलांचा. वाटेत चढ नाही, उतार नाही, चुकण्याची सोय नाही. सरळ रस्त्याने निघालेला मनुष्य कोठेतरी पोहोचतो आणि पोहोचल्यावर त्यास तेथे काहीतरी करावे लागते. वर्तुळाकार मार्गाचा महिमा असा की, काहीही न करता, परंतु कर्तव्य बजावल्याच्या संपूर्ण समाधानासह, मनुष्य मूळ जागी पुनश्च रुजू होतो. ही मूळ जागा म्हणजे चौपाटी, आणि तेथे भेळेच्या गाड्या उभ्या असतात.

येथे पूर्वी दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळास दगड तिच्यातून गेला आणि पुढे भूकंपाने पाणी फुटून तलाव झाला, असे जुने लोक सांगतात. भूकंपाने एवढी तजवीज केली असता त्या पाण्याकडे निदान कोणी पाहावे की नाही? १९३१ ते १९३४ या काळात काळा दगड व इटालियन संगमरवर वेचून उभारलेला शालिनी पॅलेस पाण्यात आपले रूप न्याहाळीत उभा आहे. काठावरील तरुण मंडळीही आपले रूपच न्याहाळीत असतात, परंतु हातातल्या मोबाईलमध्ये, आणि पाण्याकडे पाठ करून. सेवानिवृत्तांचा जथा पेन्शनीतील फरक, जावयाची बदली आणि सुनेची भाजी या तीन कलमांत इतका गढलेला असतो की, संध्यामठ केव्हा आला आणि केव्हा मागे पडला, याची त्यांच्या दप्तरी नोंद होत नाही. मनगटावरच्या यंत्राने नऊ हजार आठशेंवर अडवून धरलेले एक गृहस्थ उरलेली दोनशे पावले भेळेच्या गाडीभोवतीच भरून काढताना आम्ही पाहिले. प्रदक्षिणेला दैवत लागतेच.

काठाजवळच्या देवळातील नंदीविषयी अशी आख्यायिका आहे की, तो गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यास पोहोचेल त्या दिवशी प्रलय व्हावयाचा. ही केवळ भाविकांची कल्पना असावी, असा आमचा समज होता. पण महिनाभर फेऱ्या घालून वजनाच्या काट्यावर उभे राहिलो, तेव्हा फेरीने तांदूळभर उतरलेले भेळेने गहूभर चढविले आहे, असा हिशेब निघाला आणि आख्यायिकेवर आमची निःशंक श्रद्धा बसली. नंदीस निदान घाई नाही. आमचे पोट मात्र त्याच दिशेने त्याच्या पुढे निघाले आहे.

यावर आळसाचा उपाय करू पाहिला, तर वर्तुळ तेथेही आडवे येते. अर्ध्यावरून परत फिरावे तर चाल पुऱ्या फेरीइतकीच पडते. सबब ज्यास कसूर करावयाची आहे त्याने ती पहिल्या पाव वाटेतच उरकून घेतली पाहिजे. परवा आम्ही तशीच उरकली, थोडा वेळ कठड्यावर बसून घाम पुसल्याचा आविर्भाव केला आणि गाडीपाशी हजर झालो.

"आज लवकर आलासा, काका? मधनंच फिरला न्हवं?" भेळवाल्याने चिरमुरे पातेल्यात ओतता ओतता विचारले.

एवढा चोख रोजनामा ठेवणारा कारकून आम्हांस उभ्या नोकरीत लाभला नव्हता. आम्ही निमूटपणे कबुली दिली आणि प्रायश्चित्तादाखल अर्धीच भेळ मागितली. उरलेली अर्धी, चौकशी संपल्यावर.