चोरा, जरा बस

घरात रिव्हॉल्व्हर असलं की चोर फिरकत नाही, असं परवानाधारक मंडळी छातीठोकपणे सांगतात. बरं, ते असतं कुठे? कपाटाच्या आतल्या कप्प्यात. किल्ली देवघरातल्या डब्यात आणि काडतुसं माळ्यावर, कारण घरात नातवंडं आहेत. रात्री अडीच वाजता ही शोधाशोध संपेपर्यंत चोराने सोफ्यावर बसून राहावं, एवढीच अपेक्षा. पाणी विचारायला हरकत नाही.

परवान्यासाठी आधी आपल्या जिवाला धोका आहे हे पोलिसांना पटवायचं. पूर्वी माणशी तीन शस्त्रं चालत, 2019च्या दुरुस्तीने दोन केली. (हातही दोनच, हिशेब चोख.) 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे चोराला न्यायला दागिन्यांच्या जोडीला आणखी एक ऐवज.

आणि निवडणूक लागली, गल्लीत दोन्हीकडचे कार्यकर्ते तापले, की नेमकं तेव्हाच अनेकांना हे संरक्षण पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. रीतसर पावती मिळते. ती उशाशी ठेवायला कसलाही परवाना लागत नाही.