मामांचा कोपरा

टीव्ही सेंटरच्या चौकातून हडकोच्या आतल्या रस्त्याला लागलं की एक चहाचं हॉटेल लागतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि तीन बाकडी. त्यातल्या दोन बाकड्यांवर नऊ माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात आणि कोपऱ्यातलं तिसरं बाकडं मोकळं असतं. नव्या गिऱ्हाईकाला वाटतं, मोडलेलं असेल. मोडलेलं नसतं. त्याच्या भिंतीकडच्या टोकाला मामा बसलेले असतात.

मामा नेमके कोणाचे मामा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हॉटेलवाले चाचा त्यांना 'मामू' म्हणतात, म्हणून बाकीचे 'मामा' म्हणतात. वय पासष्टीच्या पुढं. वाळूजच्या एका कारखान्यातून रीतसर निवृत्त झालेले. उजव्या गुडघ्यानं मात्र त्याआधीच दहा वर्षं स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. अजूनही सांभाळतात, फक्त आता तो हॉटेलातला आहे.

चुकून तुम्ही नमस्काराऐवजी हात पुढं केलात तर संपलं. मामा हात मिळवत नाहीत, मनगट धरतात. अंगठा खालून, चार बोटं वरून. मग शांतपणे विचारतात, "मला सांग, यंदा उत्कृष्ट पकडीचं बक्षीस कोणाला द्यायला पाह्यजे?" चढाईपटूला निदान तीस सेकंद मिळतात. इथं तेवढीही मिळत नाहीत, कारण उत्तर मामाच देतात आणि ते साधारण पाऊण तास चालतं.

अशी माणसं गावोगाव असतात. कोणी नाटकाच्या स्पर्धेत नायकापेक्षा प्रकाशयोजनेच्या बक्षिसावर भांडतो, तर कोणी हुरड्याच्या पार्टीत हुरडा सोडून चटणीवर. मामांचं भांडण कोपऱ्यासाठी आहे.

विषय कळावा म्हणून मामा चहाचे सात गिलास टेबलावर मांडतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोन जण, मग दोन मध्यरक्षक आणि मधोमध एक. "मामू, गिलासां नक्को ना यार, गिऱ्हाईक खडेले है," असं चाचा रोज म्हणतात आणि रोज सात गिलास देतात. आठवा गिलास चढाईपटू. त्यात मामांचा चहा असतो, त्यामुळे चढाईपटू अधूनमधून रिकामा होतो.

"हे बघ," मामा बोट ठेवतात, "बोनस रेषेच्या मागं उरते पावणेदोन मीटरची पट्टी. तेवढ्यात उभं राहायचं. मागं गेला तर बाहेर, पुढं आला तर उघडा पडला. समोरचा बोनस घ्यायला एक पाय रेषेपल्याड टाकतो आन् दुसरा उचलतो. तो दुसरा पाय हवेत असतो ना, तेवढाच मुहूर्त. तेवढ्यात घोटा धरायचा. उशीर झाला तर गुण त्याला. घाई झाली तरी गुण त्यालाच." इथं मामा समोरच्याचा गिलास बुडातून धरून दाखवतात. गिलासाला घोटा नसतो, तरी चहा सांडतोच.

इथवर कोणाचीच तक्रार नसते. तक्रार बक्षिसापाशी सुरू होते, कारण दुसऱ्या बाकड्यावर एक स्पर्धा परीक्षेवाला बसतो. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढलेला हा मुलगा कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो आणि शक्य झाल्यास चार पर्यायही देतो.

"मामा, 2018 चा हंगाम. यूपी योद्धाचा नितेश कुमार, उजवा कोपरा. पकडीचे शंभर गुण. एका हंगामात शंभर करणारा पहिला गडी. बक्षीस त्यालाच मिळालं. वाद कशाचा?"

"शंभर जण त्याच्याकडं गेले म्हणून शंभर झाले," मामा म्हणतात. "फजलकडं कोण जायचं? त्या बाजूला जायला जिगर लागायची."

फजल म्हणजे इराणचा फजल अत्राचली. प्रो कबड्डीत पकडीच्या पाचशे गुणांच्या पल्याड जाणारा पहिला खेळाडू, आणि तोही डावा कोपरा. चाहते त्याला सुलतान म्हणतात. शहराचा स्वतःचा संघ नसल्यामुळे आमच्या हॉटेलात कोणी यू मुंबाचा, कोणी पुणेरी पलटणचा. मामा कुठल्याच संघाचे नाहीत. ते डाव्या कोपऱ्याचे. फजल यू मुंबात असला की यू मुंबाचे, पुण्यात आला की पुण्याचे. याला ते निष्ठा म्हणतात.

मग मामा आपला मुख्य सिद्धांत मांडतात. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द बदललेला नाही. "चोर घरात शिरला आन् मालकानं धरला, तर तुम्ही मालकाला हार घालता. ज्याच्या घराकडं चोर बघतच नाही, त्याचा सत्कार कोण करणार?"

हॉटेलात शांतता पसरते. सिद्धांतात दम आहे, हे मान्य करावं लागतं. पकडीचं बक्षीस पकडी मोजून द्यायचं आणि ज्याच्या धाकानं समोरच्याच्या अर्ध्या चढाया भलत्याच बाजूला वळतात त्याच्या नावापुढं शून्य लिहायचं, हा हिशेब मलाही पटत नाही. न झालेली गोष्ट मोजायची कशी, एवढीच अडचण आहे. पण एके दिवशी परीक्षेवाल्यानं मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "ज्याच्या घरात काहीच नसतं, त्याच्याकडंही चोर बघत नाही, मामा."

त्या दिवशी मामांनी चहा अर्धा टाकला. तसा प्रसंग त्याआधी एकदाच आला होता, 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत उपांत्य सामन्यात इराणकडून हरला तेव्हा. 1990 पासून एकही सुवर्ण न सोडलेला आपला संघ कांस्य घेऊन आला. डाव्या कोपऱ्यासाठी नेलेला आपला गिरीश इरनाक त्या संघात होता, त्यामुळे मामांना तो घरचा पराभव वाटला. आठवडाभर ते कोणाचंही मनगट न धरता बसले. लोकांना चुकल्यासारखं झालं.

त्याची परतफेड हांगझोऊत झाली, 7 ऑक्टोबर 2023 ला. अंतिम सामना भारत आणि इराण. इराणच्या बाजूला फजल तर होताच, शिवाय मोहम्मदरजा शादलूही होता. मामांची अवस्था मुलीच्या लग्नात दोन्हीकडून जेवण वाढणाऱ्यासारखी झाली. इराणनं एक पकड केली आणि मामांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं. "देश आपला आहे," मामा सावरत म्हणाले, "पण पकड ती पकड." शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावतच्या चढाईवरून राखीव क्षेत्राच्या नियमाचा घोळ झाला आणि खेळ तासाभराच्या आसपास बंद पडला. पंचांना नियम नीट कळेना, संघांना पंच कळेनात, आणि टीव्हीवर माणसं नुसती गालिच्यावर बसलेली. त्या तासात मामांनी अख्खी नियमावली तोंडपाठ सांगितली, पाच चहा घेतले आणि पाचही दुसऱ्यांच्या खात्यावर मांडले. भारत 33–29 नं जिंकल्यावर चाचांनी आनंदानं ते खातं माफ केलं. मामांनी तेही आपल्याच पकडीत धरलं.

शादलूचं आणि मामांचं मात्र आधी जमत नव्हतं. कोपऱ्यातला माणूस कसा हवा? गंभीर, मान खाली, मांजरीसारखा. हा पोरगा हसतो काय, मांडीवर थापा काय मारतो, आणि वर कोपरा सोडून चढाईलाही जातो! "वॉचमननं गेट सोडून दुकानाच्या गल्ल्यावर बसावं तसं," मामा म्हणायचे. पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले तेव्हा मामांनी त्या पैशात हडकोत किती प्लॉट आले असते याचा हिशेब मांडला. पुढं 1 मार्च 2024 ला पलटणनं हरियाणाला 28–25 असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, पकडीचं बक्षीस शादलूला मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी मामा आल्या आल्या म्हणाले, "मी पह्यल्यापासून सांगू राह्यलो होतो." परीक्षेवाल्यानं तारखांसकट पुरावे काढले. मामांनी त्याचं मनगट धरलं. पुरावे राहिले बाजूला.

त्याच्या पुढच्या हंगामात तर मामांना मेजवानीच मिळाली. शादलू हरियाणाकडं गेला, हरियाणा जिंकलं, सर्वोत्तम खेळाडू ठरला शादलू आणि सर्वोत्तम पकडपटू ठरला तमिळ थलैवाजचा तोच नितेश कुमार. दोघंही कोपरेच. आता मामांनी आनंद मानायचा की नाही? "उजव्याला दिलं," एवढंच ते बोलले. त्या स्वरात फाळणीचं दुःख होतं.

मामांचा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तिकडं हातात चेंडू घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, हे मामांना कधीच पटलं नव्हतं. पण 2025 च्या फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला: त्यांच्या गावच्या संघातल्या पॅट्रिक सुरटेन नावाच्या खेळाडूला बचावातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलंय, आणि तो खेळतो कोपऱ्यात. तिथं हे बक्षीस बहुतेक वेळा पुढच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांना जातं. त्याआधीचा कोपरा 2019 चा, स्टीफन गिलमोर. आणि भाच्यानं सहज पुढं सांगितलं की सुरटेन ज्या बाजूला उभा असतो तिकडं समोरचे चेंडू फेकायलाच कचरतात.

मामा उभे राहिले. गुडघ्याला न विचारता उभे राहिले. "अमेरिकेला कळलं!" ते ओरडले. "अमेरिकेला कळलं, हडकोला कळंना!" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "सुरतेन म्हणजे मूळचा सुरतेचा का हा?"

एवढ्या तळमळीमागं एक कळशी आहे.

1983 चा उन्हाळा. कन्नडच्या बाजूच्या एका गावात जत्रेतली स्पर्धा, मातीचं मैदान, गॅसबत्त्या. उत्कृष्ट चढाईला सायकल, उत्कृष्ट पकडीला स्टीलची कळशी. अंतिम सामन्यात मामांच्या कोपऱ्यात एकही चढाई आली नाही. एकही. समोरच्या संघातला चढाईपटू यायचा, मामांकडं बघायचा आणि दुसऱ्या बाजूला सरकायचा. सामना मामांचा संघ जिंकला, आणि सरपंचांनी कळशी दिली समोरच्या संघातल्या मध्यरक्षकाला, कारण त्यानं चार पकडी केल्या होत्या. "माझ्या नुसत्या उभं राह्यल्यानं सामना जिंकला," मामा सांगतात, "आन् कळशी गेली मोजणाऱ्याला."

ही गोष्ट मी खूपदा ऐकली होती. मग एकदा मुकुंदवाडीत त्याच सामन्यात खेळलेले एक आजोबा भेटले. त्यांना विचारलं, मामांच्या कोपऱ्याला लोक इतके घाबरायचे का? आजोबा बराच वेळ आठवत राहिले. "घाबरायला काय झालं," ते म्हणाले, "मैदानावर पाणी मारायला टँकर आणला होता, त्याचा कॉक गळत व्हता. त्या कोपऱ्यात घोट्याएवढा चिखल. तिकडं कोण जाईल?"

मी हे मामांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मामींनी एकदा वैतागून शहागंजातून नवी कळशी आणली आणि भांडेवाल्याकडून तिच्यावर टकटक करून अक्षरं घालून घेतली: 'उत्कृष्ट पकड'. मामांनी त्या कळशीतलं पाणी प्यायला साफ नकार दिला. समितीनं दिलेली नाही, म्हणाले. पण आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हेही माहीत आहे की पाण्याच्या दिवशी तत्त्वं, अहंकार आणि वाटी-चमचे सगळं भरून ठेवावं लागतं. पाणी आलं की मामा मुकाट्यानं पहिल्यांदा तीच कळशी नळाखाली धरतात. अंगठा खालून, चार बोटं वरून.

परवा संध्याकाळी आम्ही सगळेच मैदानावर गेलो होतो. मुलींचा सराव चालू होता. एक चढाई करणारी पोरगी आली नव्हती म्हणून त्यांच्या सरांनी गमतीनं विचारलं, "मामा, येता का एक चढाई करायला?" मामा चपला काढून मध्यरेषेवर गेलेसुद्धा. डाव्या कोपऱ्यात एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी उभी होती. बारीक चणीची. पोरी टाळ्या वाजवू राहिल्या होत्या, ही नाही. मान खाली, नजर फक्त मामांच्या पायावर.

मामांनी दम धरला. निदान रेषा ओलांडली. एकदा त्या पोरीकडं पाहिलं, आणि उरलेल्या सगळ्या वेळात ते दुसऱ्या टोकाच्या मुलीपुढं हात हलवत राहिले. कोणालाही न शिवता, कोणाच्याही हाती न लागता परत आले. आल्यावर धापा टाकत, गुडघा दाबत बसले.

ती पोरगी जवळ आली. "मामा, माझ्याकडं कामून नाही आले?"

मामांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग आमच्याकडं पाहिलं. परीक्षेवाल्यानं मोबाइल खिशात ठेवला.

"तिकडं चिखल व्हता," मामा म्हणाले.

मे महिना होता, आणि त्या आठवड्यात हडकोत नळाला पाणी आलं नव्हतं.