अ‍ॅम्बेसेडरचा हेडलाइट: नवशिक्यांसाठी बिनचित्रांची मार्गदर्शिका

हेडलाइट बिघडलाय हे ओळखायचं कसं, इथपासून सुरुवात करायला हवी. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा दिवा एका झटक्यात जात नाही. तो दोन-तीन वर्षं सावकाश पिवळा पडत जातो आणि मालक तितक्याच सावकाशीने स्वतःच्या डोळ्यांना बोल लावत जातो. चष्म्याचा नंबर वाढला असेल, मोतीबिंदू असेल, हल्ली रस्त्यावर पट्टेच धड मारत नाहीत, ही सगळी कारणं वापरून संपली की एखाद्या रात्री मागून ट्रक येतो आणि त्याच्या उजेडात आपल्याच गाडीची सावली समोरच्या रस्त्यावर पडलेली दिसते. आपले दोन्ही दिवे चालू असताना. निदानाला त्या रात्रीपासून आरंभ करावा.

साहित्य

एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर, दोन्ही टोकांना क्लिपा लावलेली तीन-चार मीटर वायर, पॉलिश पेपर, स्क्रूड्रायव्हर, पाने आणि सल्ला न देणारा एक माणूस. यातली शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही. या माणसाने आत बसून आपण सांगू तेव्हा अप्पर आणि सांगू तेव्हा डिपर एवढंच करायचं असतं. प्रत्यक्षात तो खाली उतरतो, बोनेटमध्ये डोकं घालतो आणि "बॅटरी वीक झालीय" असं जाहीर करतो. अशा वेळी वाद घालू नये. मीटर बॅटरीला लावावा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी आणि चार्जिंग ठीक आहे. आकडा त्याला दाखवावा आणि चहा आणायला पाठवावं. (गाडी डायनॅमोच्या काळातली असेल तर इंजिन आयडलिंगला आलं की दिवे मंदावणारच. तो तिचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही.)

कृती

सर्वप्रथम बल्ब बदलावा. याने काही होणार नाही. पण बल्ब बदलल्याशिवाय पुढे जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय, तेव्हा हा विधी उरकून घेतलेला बरा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तिथे राहतो, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दुकानदार तुम्हाला बल्ब देताना तो काचेलाच धरून देईल. हाच दुकानदार पुढे वाकून, आवाज खाली आणून विचारेल, "साहेब, नव्वद-शंभर देऊ का? दिवसासारखं दिसेल."

इथे जरा थांबून हिशेब करा. साधा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा. १२ व्होल्टवर एक बल्ब जवळपास ५ अँपिअर घेतो, दोघांचे मिळून १० धरा. शंभर वॅटचे दोन बसवले तर सोळा-सतरा. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये मधे रिले नाही. हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, तिथून पायाखालच्या डिपर स्विचमधून आणि मग दिव्यात. त्या स्विचचं वय तुमच्या धाकट्या मेव्हण्याएवढं आहे आणि कामाची हौसही तेवढीच. शिवाय वायर कुठे कुजली असेल तर करंट वाढला की गळतीही वाढते, म्हणजे मोठ्या बल्बचा उजेड वाटेतच जास्त खर्च होतो. शंभर वॅटचा पहिला आठवडा झकास जातो. दुसऱ्या आठवड्यात स्टिअरिंगच्या बाजूने भाजल्याचा वास येतो.

आता कोणता दिवा गेलाय ते नीट पाहा. बाहेर उभं राहून, शांतपणे. एकाच बाजूचा एकच झोत गेला असेल तर फिलामेंट तुटली आहे, आणि वरचा विधी चुकून उपयोगी पडला. घरी जा. दोन्ही बाजूंचं सगळंच गेलं असेल तर डॅशबोर्डचा स्विच किंवा त्याला येणारी मुख्य वायर पाहा. दोन्ही बाजूंचा अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, किंवा उलट, तर दोष डिपर स्विचचा. हा स्विच जुन्या मॉडेलांत क्लचच्या डावीकडे, जमिनीवर असतो. म्हणजे जगातला सगळा चिखल, चपलेची माती आणि गळक्या काचेतून आलेलं पावसाचं पाणी जिथे गोळा होतं, नेमकं तिथे. टाचेने जोरात दोन दणके दिल्यावर दिवा आला तर स्विच गेलेला आहे. दिवा आला म्हणून तो दुरुस्त झाला, असं समजणारा मोठा वर्ग आहे.

राहिला चौथा प्रकार. एका बाजूचा दिवा मंद, त्यातही अप्पर आणि डिपर दोन्ही थोडे थोडे लागलेले, आणि डिपरवर असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा इंडिकेटर उगाच मिणमिणतोय. असं दिसलं की स्टूल आणून बसा, कारण आता खरा विषय सुरू होतो.

इलेक्ट्रिशियन येईल. टेस्ट लॅम्पची क्लिप तो बॅटरीच्या मायनसला लावेल, सुई होल्डरमध्ये खुपसेल आणि लॅम्प लागेल.

"करंट येतोय ना साहेब. हे बघा."

"मग दिवा का लागत नाही?"

"बल्ब डुप्लिकेट असेल."

म्हणजे आपण पुन्हा कृतीच्या पहिल्या ओळीवर. इलेक्ट्रिशियन खोटं बोलत नाही. करंट येतोयच. प्रश्न तो परत कसा जातोय हा आहे, आणि ते कोणी तपासत नाही. त्यातून टेस्ट लॅम्प मोठी भोळी. तिला लागतो चिमूटभर करंट. सगळे धागे कुजून वायरीत एकच तार शाबूत उरली असेल तरी ती आनंदाने पेटते. हेडलाइटला पाच अँपिअर हवेत, ते त्या एका तारेतून येत नाहीत.

एच-फोरला दोन फिलामेंट आणि दोघांना मिळून अर्थची एकच पिन. ती वाट बंद झाली की डिपरच्या फिलामेंटमध्ये आलेला करंट, घाट बंद झाल्यावर एसटी दुसऱ्या घाटाने वळवतात तसा, अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरने पलीकडच्या दिव्यात पोचतो आणि तिथली अर्थ पकडून बॅटरीला जातो. जाता जाता इंडिकेटरलाही भेटतो. म्हणून सगळेच थोडे थोडे लागतात आणि कोणीच धड लागत नाही.

खात्री करायला ती लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या मागे काळी वायर जिथे शिरते तिथल्या पिनला. दिवा एकदम लख्ख झाला तर दोष अर्थचा, चहा पाजून इलेक्ट्रिशियनला निरोप द्या. आकडा हवा असेल तर दिवा चालू ठेवून, बल्ब होल्डरमध्येच ठेवून, मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी त्याच पिनला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर ते संशयास्पद. दहाव्या हिश्श्याच्या जरा वर, म्हणजे सव्वा व्होल्ट वाटेत हरवला, तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. प्लसच्या बाजूलाही हीच परीक्षा घ्या: बॅटरीचा प्लस आणि होल्डरमध्ये येणारी वायर. मूळ वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं असेल तर निळ्यावर पांढरी रेघ अप्परची, निळ्यावर लाल रेघ डिपरची, काळी अर्थची. तीस वर्षांत गाडी पाच इलेक्ट्रिशियनांच्या हातून गेली असेल तर निळी निघालेली वायर पिवळी होऊन पोचते, रंगावर जाऊ नका. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे मालक जोसेफ लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत आले आहेत. ती थट्टा विलायतेतली. आपल्याकडचा अंधार बहुतेक करून चिकटपट्टीने मारलेल्या जोडांचा आहे.

आता त्या काळ्या वायरीचा माग काढा. ती दिव्याच्या वाटीमागे पत्र्यावर एका स्क्रूखाली संपते. स्क्रू काढा. वायरीच्या टोकाची चकती पाहा. तिच्यावर हिरवी भुकटी असेल, खालच्या पत्र्यावर रंग. एक थर नव्हे, तीन. पांढऱ्याखाली राखाडी, राखाडीखाली क्रीम. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने वायर सोडवली, सगळीकडे छान फवारा मारला आणि वायर परत रंगावर आवळून दिली. रंगातून करंट जात नाही. गाडी चकचकीत होऊन आली आणि त्याच पावसाळ्यापासून दिवे मंदावले, ही तक्रार तुम्ही दहा जणांकडून ऐकली असेल. त्या दहाही जणांनी बल्ब बदलले असतील. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात, रंगाचीही गरज पडत नाही. गंज ते काम आपणहून करतो.

पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, चकती घासा, स्क्रू घट्ट आवळा, वरून ग्रीसचं बोट फिरवा. खर्च सांगण्याजोगा नाही, आणि म्हणूनच हा दोष तुम्हाला कोणी सांगत नाही. यात विकण्यासारखं काही नाही.

उरलेल्या उत्साहात दोन रिले बसवून घ्या, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून अडीच एमएमची ताजी वायर, रिलेआधी फ्यूज. अ‍ॅम्बेसेडर जिच्यावरून आली त्या मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या पद्धतीत हेडलाइटला फ्यूजच नसतो, तिथे शॉर्ट झालं तर वायर जळते. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण मार्गदर्शिकांची तशी परंपरा नाही. फ्यूज उडाला तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे गृहस्थ भेटतील. त्यांना चहालाही पाठवू नका, सरळ घरी पाठवा.

अ‍ॅम्बेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला, तरी सात इंची गोल वाट्या आणि एच-फोरचे होल्डर अजून सहज मिळतात, तेव्हा सुट्या भागांची काळजी नको. दिवे एकदाचे लख्ख झाले की कशेडी घाटात जाऊन खुशाल पाहून या. फक्त समोरून गाडी आली की डिपर द्या. आता तो चालतो.