हात बसला, पुढे काय?

पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रीरोग विभागांना हल्ली एक काळजी आहे. बरंचसं औषधांवर भागतं, गर्भाशय काढायची वेळ कमी येते. मग निवासी डॉक्टरांचा हात बसणार कसा? म्हणून बिचारे सिम्युलेटरवर सराव करतात.

आमच्या बीडला ही चणचण नव्हती. 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. याच प्रश्नाची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीपुढे तर 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी आधीच गेलेली.

निदानही कसं सुटसुटीत! अंगावरून जातंय? पिशवी काढा. ओटीपोटात दुखतंय? पिशवी काढा. काहीच होत नाही? मग कॅन्सर होण्याआधी काढा. बाकीचं काम फडावरचा हिशोब करतो: पाळी आली की खाडा, खाडा पडला की मुकादमाचा दंड, आणि उचल अंगावर तशीच. हे कारण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, तरी सगळ्यांना पाठ.

पुढे नियम आला, की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढायचं नाही. सुरी कधी खाली ठेवावी, हे पदवीने शिकवलं नाही. ते सरकारी शिक्क्याने शिकवायचं ठरलं.

तेव्हा प्रशिक्षण सुधारायचंच असेल, तर निवासी डॉक्टरांच्या लॉगबुकात एक रकाना वाढवा: ‘टाळलेल्या शस्त्रक्रिया’. आणि गुण त्यालाच जास्त द्या.