ठणठणीत, पण बाद

नेरळहून माथेरानची गाडी १९०७ पासून चढते आहे. पावसाळ्यात रजा, दरड कोसळली की डागडुजी, मग पुन्हा शिट्टी. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ सालचं. ‘तुमचा सपोर्ट संपला’ असं दोघांनाही अजून कुणी कळवलेलं नाही.

कर्जतच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडचा २०१६चा संगणक मात्र जख्ख म्हातारा! सातबारा निमूट छापतो, तरी १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने त्याच्या विंडोज १०वरचा हात काढून घेतला. ११ त्याला मिळणार नाही, कारण प्रोसेसर जुन्या पिढीतला. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडा किंवा तीस डॉलर मोजा, म्हणजे त्या ऑक्टोबरपासून वर्षभर आहे तिथेच उभं राहता येतं. खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे घेऊन निदान पुढे तरी सोडतात.